सावलीची घंटी

मानोबाच्या घाटातली मोटारींची शर्यत लागोपाठ दोनदा जिंकलेली शरयू इंगवले एका सकाळी चाळीसच्या वेगानं उसात घुसली. शेजारी तिची वैशुआत्या बसली होती. गाडीही आत्याचीच, जुनी, पेट्रोलवर चालणारी. हल्ली असली गाडी रस्त्यात दिसली की पोरं थांबून फोटो काढतात.

घडलं ते अगदी साधं होतं. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. ट्रॅक्टरांनी शेतातला चिखल डांबरावर आणून टाकला होता, ट्रॉल्यांतून पडलेला ऊस चाकांखाली चिरडला होता आणि त्या दोहोंचा मिळून रस्त्यावर बुळबुळीत थर बसला होता. वळण आलं. गाडीचं तोंड वळेना. शरयूनं ब्रेक होता नव्हता तेवढा दाबला आणि स्टिअरिंग आणखी पिळलं. गाडीनं तिचं काडीचंही ऐकलं नाही. ती नाकासमोर गेली, सरीत उतरली आणि उभ्या पिकात जाऊन थांबली. आत्याचा हात दारावर आपटला आणि मनगटाजवळ मोडला.

ऊस तोडणारी माणसं कोयते टाकून धावत आली. त्यांतल्या एका बाईनं शरयूला निरखून पाहिलं आणि ती ओरडली, "अगं, ही तर फ्लेक्सवरची पोरगी!" त्यानंतर हसू दाबायचे कष्ट कुणीच घेतले नाहीत.

दवाखान्यात हाताला प्लॅस्टर घालून घेताना आत्याची जीभ मात्र शाबूत होती.

"दोन वर्सं सगळ्या पावण्यांत मिरवलं तुला. आमची शरू इमानागत गाडी चालवती म्हणून. आणि आज मला उसात न्हेऊन घातलीस व्हय? तेबी म्हशीच्या चालीनं!"

"आत्या, मला माफ कर गं."

"माफ केलं. पण एक सांग. तू करत काय हुतीस? तुझं तोंड बघितलं मी. कुणीतरी दुसरंच गाडी चालवतंय आणि त्यानं दगा दिला, असं बघत हुतीस समोर."

हे वाक्य शरयूच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

बाकी सगळ्यांनी तिची समजूत घातली. तिचे वडील आबा, म्हणजे संग्राम इंगवले, यांची कोल्हापुरात 'तेजोवेग' कंपनीच्या गाड्यांची शोरूम होती. दाराशीच 'ससाणा' नावाची विजेवरची शर्यतीची गाडी आणि तिच्या शेजारी शरयूचा पुरुषभर उंचीचा फोटो. आबा म्हणाले, "त्या डबड्यात बसलीसच कशाला? टायर गोटा झाले असतील." पण टायर नवे होते. दिवाळीत शरयूच आत्याबरोबर जाऊन ते बदलून आली होती. गाडी चांगली होती, वेग कमी होता, वळण किरकोळ होतं. उरलं कोण? हा हिशेब तिला टाळता येईना. आपल्याला गाडी चालवता येते की नाही, एवढंच तिला आता जाणून घ्यायचं होतं, आणि ते कळेपर्यंत तिला अन्न गोड लागणार नव्हतं.

शोरूमच्या मागच्या वर्कशॉपमध्ये निहार दाणी काम करत होता. हा कंपनीचा इंजिनिअर, पुण्याचा. शर्यतीच्या दिवसांत शरयूची गाडी तोच सांभाळायचा आणि कोल्हापुरात आल्यापासून 'लई भारी' म्हणायचा प्रयत्न करायचा, तो काही जमायचा नाही.

"निहार, खरं सांग. घाटात गाडी कोण चालवत होतं?"

निहारनं उत्तर देण्याआधी शोरूमकडचं दार लोटून घेतलं. शरयूला अर्धं उत्तर तिथंच मिळालं.

पंचविशीच्या आतल्या चालकाच्या विजेवरच्या गाडीत 'सावली' असणं कायद्यानं सक्तीचं होतं, हे तर शाळकरी मुलांनाही ठाऊक होतं. सावली म्हणजे गाडीतला मेंदू. एरवी ती चालकाच्या मागं राहते आणि जिवावर बेतलं की पुढं होते, असं जाहिरातीत सांगत. शरयूचाही तसाच समज होता. अगदी गळ्याशी आलं तर सावली हात देत असेल, कधीमधी.

"कधीमधी नाही," निहार म्हणाला. "सतत."

मग त्यानं समजावून सांगितलं. ससाण्याच्या स्टिअरिंगपासून चाकापर्यंत लोखंडी दांडा नसतोच, नुसती तार असते. चालक स्टिअरिंग फिरवतो ती केवळ एक विनंती. स्टिअरिंगवरच्या कातडी आवरणात बसवलेल्या संवेदकांना हाताच्या स्नायूंतली वीज कळते, त्यामुळे हात हलायच्या आधीच तो किती आणि कुठं हलणार हे सावलीला समजतं. तो चुकणार असेल तर ती चाकं योग्य तेवढीच वळवते, चारही चाकांना वेगवेगळा जोर देते, ब्रेक हवा तेवढाच लावते. आणि चालकाच्या हाताला जो धक्का, जी ओढ जाणवते, तीही सावलीच तयार करून देते.

"पण मला कसं कळलं नाही? मी आत बसले होते ना!"

"कळणारच नाही. तीच तर आमची करामत." निहारच्या आवाजात अभिमान होता आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. "आपण काही केलं आणि पापणी लवायच्या आत हवा तो परिणाम दिसला, की मेंदू म्हणतो, हे मीच केलं. मध्ये कुणी हात घातला याची तो चौकशी करत नाही. सावली त्या फटीत काम करते. तू चुकतेस, ती सुधारते आणि श्रेय तुझा मेंदू घेतो. अगदी प्रामाणिकपणे घेतो."

शरयू तिथं उभ्या असलेल्या आपल्या ससाण्याच्या बॉनेटवर टेकली. घाटातलं एकेक वळण तिला आठवत होतं. किती सुरेख घेतली होती तिनं ती वळणं!

"आणि उसातलं?"

"मेंदू शाबासकीवर शिकतो, शरयू. गाडी घसरली की तू ब्रेक पूर्ण दाबतेस आणि स्टिअरिंग पिळतेस. साफ चूक आहे ते. पण दर वेळी त्यानंतर गाडी नीट वळली. मग मेंदूनं ती चूकच जपून ठेवली. आत्याच्या गाडीत सावली नव्हती. तिथं तू जशी चालवतेस तशी गाडी चालली."

"म्हणजे नव्या शिकाऊ माणसापेक्षाही मी वाईट?"

"त्याला काहीच येत नसतं. तुला चुकीचं पक्कं येतं."

तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. निहारलाही बहुधा ते दिसलं, कारण तो घाईघाईनं म्हणाला, "पण माणसं वाचली आहेत! सावली यायच्या आधी तुझ्या वयाची किती पोरं घाटात जिवानिशी जायची. माझा मावसभाऊ गेला. नवी, वेगवान गाडी, वय एकोणीस. म्हणून मी या कामाला लागलो. ती काढून टाक असं म्हणू नकोस."

"मी काढ म्हणतच नाही," शरयू म्हणाली. "तिनं वाचवावं की. पण वाचवलं तर सांगावं. मला न सांगता माझा हात धरायचा, आणि वर मलाच चषक द्यायचा? आणि माझा फोटो लावून गाड्या खपवायच्या?"

निहार गाडीत बसला, पडद्यावरच्या सेटिंगमध्ये आत आत शिरला आणि 'चाचणी' असं लिहिलेल्या पानाशी थांबला.

"आम्ही गाडी तयार करत होतो तेव्हा हे वापरायचो. सावलीनं दुरुस्ती केली की घंटी वाजते. प्रत्येक ससाण्यात आहे. विकताना बंद करून देतात. सतत वाजणारी गाडी कोण विकत घेईल?"

"चालू कर."

"शरयू, माझी नोकरी..."

"गेली तर आत्याच्या गाडीला मेकॅनिक लागतोयच. चालू कर."

सायकलच्या घंटीसारखा आवाज होता तो, टिणिंग. शोरूमपासून रंकाळा तलावापर्यंत शरयूनं गाडी नेली आणि तेवढ्या वाटेत ती इतकी वाजली, की रस्त्यावरची माणसं आइस्क्रीमवाला आला समजून बघायला लागली. रंकाळ्यावर गाडी उभी करून ती ढसाढसा रडली. रडून झाल्यावर तिला संताप आला, आणि संतापाचं काय करायचं हे तिला रडण्यापेक्षा बरं कळत होतं.

गावाबाहेर एक बंद पडलेला साखर कारखाना होता. त्याच्या यार्डात, जिथं पूर्वी ऊसगाड्यांच्या रांगा लागत, तिथं रेश्मा मुजावर गाडी चालवायला शिकवायच्या. साधं लायसनपुरतं नव्हे. अँब्युलन्सचे आणि पोलिसांच्या गाड्यांचे चालक त्यांच्याकडे यायचे, कारण त्यांच्या कामाला सावलीची सक्ती नव्हती आणि घसरून चालणार नव्हतं. तरुणपणी त्यांनी रॅली गाजवल्या होत्या. वडील पैलवान. म्हणून शिकवणंही तालमीच्या रीतीनं, आणि सगळे त्यांना वस्तादच म्हणत.

शरयू ससाणा घेऊन ऐटीत आत शिरली. वस्तादांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही.

"चपला काढ."

"काय?"

"पायातलं काढ आणि यार्डात चाल."

यार्डाच्या फरशीवर त्यांनी शेजारच्या कारखान्यातून आणलेली, साखर काढून उरलेली मळी पाण्यात कालवून ओतली होती. काळी, चिकट, वर निसरडी. कुठं पातळ, कुठं घट्ट, कुठं नुसती ओल. रोज सकाळी प्रत्येकानं त्यावरून अनवाणी फिरायचं. कुठं पाय धरतो, कुठं सुटतो, ते तळव्याला कळू द्यायचं, आणि मगच गाडीला हात लावायचा. तालमीत मातीला नमस्कार करतात तसा हा इथला नेम होता. शरयू दहा पावलं टाकून आडवी झाली. मळीनं माखलेल्या त्या चॅम्पियनला उठवायला अँब्युलन्सचा एक चालक आला, तर वस्ताद म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. उठती की."

ती उठली आणि पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तिनं पाय सैल सोडले आणि ती उभी राहिली.

"आता कसं उभी ऱ्हायलीस?"

"जोर काढून घेतला."

"हेच. सगळं शिक्षण हेच हाय. घसरताना भ्या वाटतं आणि भ्या वाटलं की माणूस दाबतं. लॉक झालेलं चाक वळत न्हाई. फिरतंय तवरच ते वळतंय. तवा पाय उचलायचा. भ्या सांगतंय दाब, आपण उचलायचा."

सांगायला सोपं होतं. शिकायला दिलेली जुनी व्हॅन मळीवर घातली, की शरयूचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा आणि तिथंच खिळायचा. व्हॅन सरळ जाऊन टायरांच्या ढिगाला भिडायची. काल आलेला पोलीस चालक तिच्या आधी शिकून गेला. शरयू मात्र रोज टायरांना भिडत होती आणि रोज मळी धुऊन घरी जात होती. तिच्या पायाला दोन वर्षांच्या खोट्या शाबासकीची सवय लागली होती, आणि ती सवय काही केल्या तिला सोडत नव्हती. कधी कधी ती व्हॅनमध्येच स्टिअरिंगवर डोकं टेकून स्वतःला शिव्या द्यायची. वस्ताद तेवढा वेळ चहा प्यायच्या.

"झालं? घाल परत."

मग एके दिवशी, नेमकं लक्ष नसताना, पाय उचलला गेला. व्हॅनचं तोंड हलकेच आत आलं, चाकांनी फरशी पकडली आणि गाडी तिला हवी तिथं वळली. मध्ये कुणी नव्हतं. शरयूनं गाडी थांबवली आणि जोरात किंकाळी मारली. चषक मिळाला तेव्हाही ती एवढी ओरडली नव्हती.

त्या संध्याकाळी तिनं वस्तादांना मनातलं सांगितलं. "यंदाची शर्यत आलीय. मी घाटात सावली बंद करून चालवणार."

वस्तादांचा चेहरा एकदम बदलला. "मरायचं असंल तर माझं नाव सांगू नको. एकदा पाय उचलता आला म्हणजे घाट आला व्हय?"

"पण मग सगळ्यांना कळणार कसं? गेली दोन वर्षं मी खोटी जिंकलेय. ते खोटं मला त्याच घाटात मोडायचंय."

"मोड की. कोण नको म्हणतंय? त्यासाठी जीव कशाला लागतोय?" वस्तादांनी ससाण्याकडे पहिल्यांदाच बोट दाखवलं. "सावली ऱ्हाऊ दे चालू. घंटी वाजू दे. समद्यांच्या म्होरं."

आबांना हे कळलं तेव्हा घरात भांडं वाजलं. खरंच वाजलं, त्यांनी ताटातली वाटी भिरकावली होती.

"माझ्या शोरूममधल्या गाडीची माझीच पोरगी अब्रू काढणार! अगं, घंटी वाजत गेलीस तर एक गिऱ्हाईक दारात उभं ऱ्हाईल काय?"

"आबा, गाडी वाईट नाही. थापा वाईट आहेत."

"कसल्या थापा? सावली फक्त लेकराबाळांसाठी असती. मी तीस वर्सं चालवतोय. माझ्या हाताखाली ससाणा कशी फुलागत चालती."

शरयूनं किल्ली त्यांच्यापुढं ठेवली. आत्या प्लॅस्टरमधून नुकताच सुटलेला हात सांभाळत म्हणाली, "मीबी येतो. मागं बसतो. मला बघायचंय."

आबांनी गाडी काढली. अंगणातून बाहेर पडतानाच टिणिंग झालं. आबा म्हणाले, "हे उगंच." कोपऱ्यावर दोनदा वाजली. दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत तर घंटी अशी काही खणाणली, की पुढच्या रिक्षावाल्यानं वळून हात जोडले. मागच्या सीटवर आत्या हसून हसून वाकली होती. "संग्राम, आरती सुरू हाय, हात जोडू का?"

घरी आल्यावर आबा गाडीतच बसून राहिले. बऱ्याच वेळानं शरयू खिडकीशी वाकली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मलाबी सांगितलं न्हाई. मी इकतोय ही गाडी, आणि मलाच सांगितलं न्हाई."

त्यांनी तिला परवानगी दिली नाही. पण दुसऱ्या दिवशी शोरूममधला तिचा पुरुषभर फोटो त्यांनी स्वतः उचलून आत ठेवला.

शर्यतीच्या दिवशी मानोबाचा घाट माणसांनी फुलला होता. विजेच्या गाड्या मुक्या असतात, म्हणून कंपनी दर वर्षी घाटभर कर्णे लावायची आणि गाडीतला आवाज थेट लोकांना ऐकवायची. त्यात इंजिनाची बनावट डरकाळी मिसळलेली असायची. लोकांना ती आवडायची. डरकाळी कुठून येते, याची कुणाला पडलेली नव्हती.

एकेक गाडी सुटायची आणि तिची वेळ फळ्यावर लागायची. शेवटून दुसरी शरयू. शेवटचा विहंग घोरपडे, गडहिंग्लजचा, यंदा ज्याच्यावर सगळ्यांची नजर होती तो. चांगला पोरगा होता, फक्त स्वतःवर फार खूश असायचा. अगदी शरयू होती तसाच.

तिची गाडी रेषेवर आली आणि कर्ण्यांतून डरकाळीऐवजी शांतता ऐकू आली; चाचणीच्या सेटिंगमध्ये ती बनावट डरकाळी बंद व्हायची. मग टिणिंग. तिनं नुसती गाडी रेषेवर आणली होती, तेवढ्यात एकदा. लोक हसले. स्पर्धेचे प्रमुख सबनीस धावत आले. कडक इस्त्रीचे गृहस्थ, बोलणं मऊ.

"शरयू, हे काय? बंद कर ते. गाडीत फेरफार केला तर तू बाद होशील."

"फेरफार नाही, साहेब. तुमच्याच सेटिंगमध्ये आहे. सावली पूर्ण चालू आहे, बघा. फक्त ती बोलतेय."

"लोकांचा गैरसमज होईल."

"लोकांचा समज होईल," शरयू म्हणाली. "नियमात कुठं लिहिलंय घंटी नको म्हणून? दाखवा, मी उतरते."

सबनीसांनी नियम दाखवला नाही, कारण तो नव्हताच. ते वळून आबांकडे गेले. "इंगवले, तुमच्या मुलीला आवरा. तुमच्या शोरूमचा विचार करा."

आबांनी एकदा ससाण्याकडे, एकदा सबनीसांकडे बघितलं.

"साहेब, मी तिचा बाप हाय, मालक न्हाई. आणि शोरूमचा इचार मी करतोयच. उद्यापासनं माझ्या दारातली प्रत्येक ससाणा घंटी चालू करून दावणार. ज्याला घ्यायची त्यानं ऐकून घ्यावी."

झेंडा पडला. शरयू सुटली.

गेल्या वर्षी ती पहिल्या वळणात बाणासारखी शिरली होती. आता तिनं आधीच वेग कमी केला. तिला स्वतःच्या हातांना जमेल तेवढंच चालवायचं होतं, त्याच्यावर कणभरही नाही. घाटभर कर्ण्यांतून तिचा श्वास ऐकू येत होता, टायरांची घरघर ऐकू येत होती. घंटी वाजली नाही. दुसरं वळण गेलं. तिसरं गेलं. लोक आधी कंटाळले, मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काहीतरी ऐकण्यासाठी थांबलोय. बोलणारे गप्प झाले.

मधल्या तीव्र वळणावर कपारीतून झरा पाझरतो आणि डांबर बारा महिने ओलं असतं. शरयूनं ते आदल्या दिवशी अनवाणी चालून बघितलं होतं. तरीही गाडीचं तोंड सुटलं. अगदी तेच, उसाच्या रस्त्यावरचं. स्टिअरिंग हलकं पडलं, समोर कठडा आला, आणि सगळं अंग ओरडून सांगू लागलं, दाब.

तिनं पाय उचलला.

चाकं फिरत राहिली. क्षणभर काहीच झालं नाही, आणि तो क्षण तिला फार मोठा वाटला. मग टायरांनी डांबर धरलं, तोंड आत आलं आणि कठडा बाजूनं निघून गेला. घंटी गप्प होती. सावली जागी होती, सगळं बघत होती आणि तिला हात घालावा लागला नव्हता.

शरयू मोठ्यानं हसली. ते हसणंही कर्ण्यांतून घाटभर गेलं. त्या आनंदातच शेवटचं, अगदी बाळबोध वळण तिनं गाफीलपणे घेतलं, आणि टिणिंग!

वर पोहोचून ती गाडीबाहेर आली. फळ्यावर तिची वेळ लागली: आतापर्यंत धावलेल्या सगळ्यांत सावकाश. गेल्या वर्षीची विजेती शेवटून पहिली. वस्ताद गर्दीतून पुढं आल्या.

"एक वाजली."

"होय, वस्ताद."

"कुणाची?"

"माझी. हसत होते. बघायचं सोडून हसत होते."

"उद्या ये," वस्ताद म्हणाल्या. एवढंच. पण शरयूच्या पाठीवर त्यांचा हात पडला, आणि त्या हातानं कधी कुणाला खोटी शाबासकी दिली नव्हती.

तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं. आवाज आत्याचा होता, खणखणीत, आणि शरयूनं तो हजारांत ओळखला असता. "आता त्या पोराचीबी ऐकवा की! घंटी लावा!" आधी ती एकटीच होती. मग तिच्या आजूबाजूचे ओरडले. मग एकेका वळणावरून आवाज वर चढत आला, आणि सगळा घाट एकच मागायला लागला. घंटी लावा, घंटी लावा.

खाली रेषेवर विहंगची ससाणा उभी होती. फळ्याशेजारच्या मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा दिसत होता. शेजारी सबनीस मान हलवत होते, नाही, नाही. विहंगनं त्यांच्याकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं आणि कानात घातलेल्या फोनवर हात नेला. शरयूचा फोन वाजला.

"शरयू," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा फुगलेला नव्हता. "कुठं असतंय हे बटण?"

"सेटिंगमध्ये, अगदी आत. चाचणी असं लिहिलंय बघ."

"सापडलं." तो थांबला. "लई वाजंल काय गं?"

"लई," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी माझी तर थांबतच नव्हती. मी रंकाळ्यावर बसून रडले."

सबनीसांनी विहंगच्या खिडकीतून हात आत घातला, तो त्यानं हळूच बाहेर काढला आणि काच वर केली.

झेंडा पडला. विहंगची गाडी सुटली आणि पहिल्या वळणाच्या आधीच घंटी खणाणली. या वेळी कुणी हसलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.